लपण नंबर तीन

ही गोष्ट मी रचलेली नाही.

रचली असती, तर तिच्यात मी स्वतः इतका वाईट दिसलो नसतो. माझ्याजवळ पुरावा म्हणून एवढंच आहे. पटेल त्याने पुढे वाचावं.

दिवस सांगतो. शुक्रवार, २७ नोव्हेंबर १९३६.

ठिकाण, प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला तापीचं पात्र.

लोक म्हणतात, असल्या गोष्टी रात्री घडतात. ही सगळी दिवसाउजेडी घडली. सकाळी आठ ते दुपारी बारा. बघायला अकरा माणसं होती, दुर्बिणी घेऊन.

आणि एकालाही काही दिसलं नाही.

त्या काळी नंदुरबारात आम्ही एक निसर्ग मंडळ काढलं होतं. दर नोव्हेंबरात पाच दिवस नदीकाठी तंबू ठोकायचे आणि उत्तरेकडून येणारी पाखरं बघायची, मोजायची. मी कचेरीत कारकून. माझं अक्षर बरं आणि घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून मला मंडळाचा सेक्रेटरी केलं होतं. नोंदवही माझ्याकडे. कोण कुठे बसला, किती वाजता गेला, किती वाजता आला, किती पाखरं दिसली, हे मी लिहायचं.

पाखरांपेक्षा मला माणसंच जास्त पाठ झाली होती.

धुळ्याचे एक वकील यायचे. त्यांना पक्ष्यांपेक्षा लोणच्याच्या बरण्यांची ओळख जास्त. एक डॉक्टर होते, दिसेल त्याला ससाणा म्हणायचे. घारीला ससाणा, कावळ्याला ससाणा, एकदा तर झाडाला अडकलेल्या पतंगाला. आणि कोरीटचे भाईदास पाटील. मोठे शेतकरी, मंडळाचे उपाध्यक्ष. उपाध्यक्ष का? तर तंबू त्यांचे आणि गाड्या त्यांच्या. अंगाने भरलेले, थंडीला भ्यायचे, डोक्यावरून काळी घोंगडी घेतल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचे नाहीत.

आणि हबीब.

हबीब मंडळाचा सभासद नव्हता. नंदुरबारचा पिंजारी. लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा, आणि त्याची बायको मेहरुन्निसा त्या गाद्या शिवायची. पण पाखरांचं जेवढं हबीबला कळायचं तेवढं आम्हा अकरा जणांना मिळून कळत नव्हतं. शिबिराचं खरं काम तोच करायचा.

ते काम काय, हे नीट सांगतो. पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

नदीच्या मधोमध वाळूचं लांबलचक बेट. अलीकडे गुडघाभर पाणी, चालत जाता येई. बेटावर आम्ही पाच लपणं बांधायचो. चार खुंट, बाभळीच्या फांद्या, वरून कडब्याच्या पेंढ्या. आत एक माणूस बसेल एवढीच जागा. बाहेर बघायला एक फट.

आता माणूस लपणात शिरताना पाखरं बघतातच. चक्रवाक तर फारच सावध. माणूस आत शिरला आणि बाहेर आला नाही, की ती जवळपास उतरत नाहीत. दिवस फुकट.

म्हणून दोघांनी जायचं. एकाने आत बसायचं. दुसऱ्याने लगेच परत यायचं, सगळ्यांना दिसेल असं, सावकाश.

पाखरांना वाटतं, लपण रिकामं झालं. अर्ध्या तासात ती येऊन उतरतात.

"भाऊ, पाखरूले नजर शे, गणित नही," हबीब मला म्हणायचा. "दोन गयात नि एक उना, तरी तेले वाटस सगळाच गयात."

मी ते नव्या सभासदांना शिकवायचो. हसून सांगायचो, की पाखरांना दोन मोजता येत नाहीत.

पोचवणारा माणूस म्हणजे हबीब. आणायला जाणाराही हबीबच. आणण्याची रीत त्यानेच घालून दिलेली. जाऊन काठीने खुंटावर दोनदा ठोकायचं. आतल्याने एकदा ठोकून उत्तर द्यायचं. मग आणणाऱ्याने तोंड फिरवून पुढे चालायचं, आतल्याने दहा पावलं मागून यायचं. बोलायचं नाही. आणि कोणी आणायला येईपर्यंत लपणातून उठायचं नाही, काही झालं तरी. वकील एकदा लघवीसाठी उठले होते, तेव्हा हबीब त्यांना इतकं बोलला की त्यांनी दोन दिवस लोणचं वाटलं नाही.

तर तो शुक्रवार.

धुकं होतं. आदल्या दिवशी वर कुठेतरी मावठा पडून गेल्याचं नवल सांगत होता. नवल म्हणजे आमचा नावाडी. पण आमच्याकडे आभाळ कोरडं होतं, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

हबीबने एकेकाला पोचवलं. एक, दोन, चार, पाच. शेवटी तीन नंबर, कारण ते सगळ्यात लांब. बेटाच्या पार टोकाला. त्यात बसणार होते भाईदास.

मी काठावर वही घेऊन उभा होतो. दोन आकृत्या धुक्यात गेल्या. थोड्या वेळाने एक परत आली. डोक्यावरून घोंगडी.

मी लिहिलं. हबीब परत, ७.५०.

मग मी चहाकडे वळलो. दहा-पंधरा मिनिटांनी बघतो, तर चुलीशी भाईदास बसलेले. हातात कप.

"एवढ्यात उठून आलात?" मी विचारलं.

"तठे काय शे? धुकं! दहा वाजापावत एक पाखरू दिसाव नही," ते म्हणाले. "आखो एक कप टाका."

मला राग आला. पण उपाध्यक्षांना काय बोलणार? मी वहीत तीन नंबरपुढची 'भाईदास' ही नोंद खोडली. लपण तीन रिकामं.

त्यांनी तीन कप चहा घेतला. तेवढ्यात कोरीटहून त्यांची गाडी आली, घरी नातवाच्या जावळाची गडबड होती. ते गाडीत बसले आणि निघून गेले.

माझी चूक कळली का?

धुक्यातून एकच माणूस परत आला होता. त्याला मी आधी हबीब म्हणून लिहिलं, आणि नंतर भाईदास म्हणून खोडलं.

एका माणसाला मी दोनदा मोजलं होतं.

लपणात काय झालं, ते भाईदासांनी नंतर सांगितलं. ते आत जाऊन बसले, पाठीला थंडी वाजली, चहाची आठवण झाली. ते हबीबला म्हणाले, "तुन्हा तं रोजा शे. तुले चहा पेवाना नही, मले शे. तू बठ आठे. मी अस्सा जास नि अस्सा येस."

रमजानचा महिना होता.

हबीबचा रोजा होता म्हणून तो चहाला दिसला नाही, तरी कोणाला काही वाटलं नाही. जेवणाच्या भाकरी मी मोजून टाकायला सांगायचो, त्यात त्याची नव्हतीच. त्यातून शुक्रवार. दुपारच्या नमाजला तो गावात जायचा, रोजा सोडून रात्रीही तिकडेच राहायचा. तो दिवसभर कुठे दिसला नाही, तर ते बरोबरच होतं.

सगळं बरोबर होतं. वही चोख होती.

साडेदहाला नवल पळत आला. "शेक्रेटरी भाऊ, पानी चढी ऱ्हायनं! वरतून पूर उना! लोकेसले काढा!"

बघता बघता गुडघ्याचं पाणी छातीला आलं. नवलने डोंगी घातली. मी काठावरून वही बघून नंबर ओरडत होतो. एक. दोन. चार. पाच. त्याने एकेकाला उचलून आणलं. वकिलांची दुर्बीण भिजली, त्यावरून ते कुरकुरत होते.

शेवटच्या फेरीला नवलने वल्हं थांबवून विचारलं.

"तीनमा कोन शे?"

मी वही बघितली. खरंच बघितली. पान उघडून बोट ठेवलं.

"तीन रिकामं आहे," मी म्हणालो.

डोंगी परत आली.

मग आम्ही सगळे काठावर उभे राहून बघत होतो. धुकं गेलं होतं, ऊन पडलं होतं. तीन नंबरचं लपण पाण्यात उभं होतं. आधी अर्धं. मग वरच्या पेंढ्या तेवढ्या दिसत होत्या. मग ते एका अंगाला कललं.

तिथून हाक आली नाही.

कडबा हलला नाही.

लपणात बोलायचं नाही, उठायचं नाही. आणायला कोणीतरी येतंच. त्याने डोंगी एकला जाताना पाहिली असणार. दोनला जाताना. चारला. पाचला...

"गेलं एक लपण," डॉक्टर म्हणाले.

मी लिहिलं. लपण तीन वाहून गेलं, ११.४०.

दुसऱ्या दिवशी भाईदास परत आले. गाडीतून उतरताच त्यांनी विचारलं, "हबीब कोठे शे? काल तेले सांगाले इसरनू..."

ते आमची तोंडं बघत राहिले.

तीन दिवस शोधलं. खाली पार दहा-बारा कोसांपर्यंत माणसं गेली. काही सापडलं नाही. पाणी उतरल्यावर बेटाच्या टोकाला एक खुंट उभा राहिलेला दिसला. बाकी वाळू पुसून काढल्यासारखी.

मी नंदुरबारला जाऊन मेहरुन्निसाला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. ती गादीला टाके घालत होती. सगळं ऐकून घेतलं, आणि टाका पुरा केला.

नवरा गेल्यावर त्यांच्यात बाई चार महिने दहा दिवस इद्दत पाळते. घराबाहेर पडत नाही, बांगड्या भरत नाही. शेजारच्या अकिलाबी तिच्या बांगड्या काढायला आल्या. तिने हात मागे घेतला.

"मी कसानी इद्दत पाळू? त्या मरेल नहीत."

"मेहरून, पानी किती व्हतं..." अकिलाबी म्हणाल्या.

"त्या बठेल शेतस. त्यासले कोनी लेवाले गयं नही."

ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"भाऊ, तुम्हीच लिखतस ना, कोन कोठे बठस ते? मंग त्यासनं नाव लिखा. नि लई या."

त्याला घेऊन या, म्हणत होती.

वर्ष गेलं. तिने इद्दत पाळली नाही. बांगड्या हातात तशाच. कोणी म्हणे डोकं फिरलं, कोणी म्हणे निर्लज्ज आहे. गाद्या शिवून घ्यायला बाया तिच्याकडे जायच्या बंद झाल्या. नवऱ्याचं मरण मानत नाही, अशा बाईच्या हातची गादी कोण घेणार? सधवा नाही, विधवा नाही, अशी ती मध्येच अडकून बसली होती. तिच्या मते तिचा नवराही तसाच.

आणि त्याला तिथून उठवणारा माणूस मीच. दुसऱ्या कोणाकडे वही नव्हती.

मी गेलो नाही. जाऊन काय आणणार होतो?

नोव्हेंबर १९३७. शिबिर पुन्हा भरलं, त्याच जागी. भाईदास आले नाहीत. पोटदुखीचा निरोप आला. हबीबच्या जागी आम्ही एकमेकांना पोचवायचं ठरवलं. पाच लपणं बांधली. तीन नंबर बांधलं, कारण नकाशात पाच होती. त्यात बसायला मात्र कोणी तयार होईना, म्हणून ते रिकामंच ठेवलं.

पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "सेक्रेटरी, ते बघा. तिथे काहीतरी आहे. ससाणा असेल."

मी दुर्बीण लावली.

बेट पाखरांनी भरलं होतं. चक्रवाक, बदकं, आणि नऊच्या सुमारास शेतांतून पाणी प्यायला उतरलेले करकोचे. हजार, दीड हजार. मांडीला मांडी लावून बसावीत तशी.

फक्त तीन नंबरभोवती...

एक पाखरू नव्हतं.

वाळूचा कोरा गोल तुकडा. मी पावलांच्या हिशोबाने अंदाज घेतला, सगळीकडून साठ पावलं. कडेला पाखरं दाटलेली, तोंडं आत वळवलेली. एखादं चुकून आत चालत गेलं तरी थबके आणि मागे फिरे.

एक नंबरमध्ये वकील बसले होते. त्यांच्या लपणाला खेटून चक्रवाक चरत होते. दोनमध्ये माणूस, चारमध्ये माणूस. तिथे पाखरं बिनधास्त.

रिकामं होतं ते तीनच.

"आत काही मेलेलं असेल. कोल्हं वगैरे," वकील संध्याकाळी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघांनी जाऊन तीन नंबर मोडलं. आत काही नव्हतं. कडबा, फांद्या सगळं उचलून आणलं. राहिला तो गेल्या वर्षीचा खुंट. तो हलवून पाहिला, निघाला नाही.

आम्ही परत आलो. पाखरं उतरली.

उघड्या वाळूवर, उन्हात, एका खुंटाभोवती... साठ पावलांचा गोल. तसाच.

त्या संध्याकाळी कोणी कोणाची थट्टा केली नाही. वकिलांनी लोणचं न मागता वाढलं.

नवल मात्र कोणाला न सांगता नंदुरबारला गेला. चौथ्या दिवशी दुपारी तो गाडी घेऊन परत आला. गाडीत मेहरुन्निसा होती.

ती काठावर येऊन उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून बघितलं. तिला दुर्बीण लागली नाही.

"दख्यं ना भाऊ?" ती म्हणाली. "पाखरूले कळस. तुम्हले नही कळनं."

तिने तीन नंबरकडे हात केला.

"रोजा शे त्यासना. वरीस व्हयनं, सोडेल नही. लई या."

आता मी काय करायला हवं होतं? तुम्ही काय केलं असतं? माझ्या मनात भीती नव्हती, दुःखही नव्हतं. वर्षभर काहीच वाटत नव्हतं मला. जेवण जेवल्यासारखं, कचेरी कचेरीसारखी. मी वही उघडली. लपण तीन. पुढे लिहिलं, हबीब.

मग धोतर खोचलं आणि पाण्यात उतरलो. हातात काठी घेतली.

मी एकटा, उघड्यावरून चालतोय. पाखरं उठायला हवी होती. सगळं बेट एका आवाजात उठायला हवं होतं.

एकही उठलं नाही. बाजूला सरकली, वाट दिली.

गोलात शिरलो, आणि आवाज बंद झाले. करकोच्यांचा कलकलाट, नदी, काठावरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज. कोणीतरी दार लोटून घ्यावं तसं.

खुंटाजवळ थांबलो. वाळू कोरडी होती. बसल्याची खूण नाही, काही नाही.

काठीने दोनदा ठोकलं.

ठक. ठक.

थांबलो. श्वास मोजले. सात झाले. मनात आलं, मूर्खपणा केला, परत फिरावं...

ठक.

एकदाच. खुंटाच्या आतून नव्हे. खुंटावर, पलीकडच्या अंगाने. कोणीतरी बोटाच्या पेराने ठोकावं तसं.

मी तोंड फिरवलं आणि चालायला लागलो.

मागे वाळू वाजत होती. दहा पावलं अंतर. मी थांबलो की थांबे. मी हळू झालो की हळू. घाई नाही. त्याने कधीच घाई केली नव्हती.

पण ते एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, माझ्या मनाचे खेळ. खरं मला समोर दिसत होतं. मी जसजसा पुढे जात होतो, तसतशी पाखरं माझ्यासमोरून, बाजूंनी मागे हटत होती. जाताना वाट दिली होती. येताना ती लांब होत होती. साठ पावलं.

तो गोल माझ्याबरोबर चालत होता.

पाण्यात उतरलो. माझ्या पायांचा आवाज होत होता, चुबुक, चुबुक. आणि मागून दुसरा. माझ्या पावलांशी न जुळणारा.

काठावर चढलो तेव्हा नवल माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "तुम्ही एकलाच गयथात ना?"

"हो."

"मंग आते..."

तो थांबला आणि बैलांकडे निघून गेला.

मी नंतर दुर्बिणीतून बघितलं. येतानाच्या वाळूवर पावलं होती. एकाच माणसाची. माझी. आणि खुंटाभोवतीचा गोल भरत आला होता. एक चक्रवाक तर खुंटावर जाऊन बसला.

मेहरुन्निसा जागची हलली नव्हती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, घरात नवरा आल्यावर ओढतात तसा. थोडा वेळ बघत राहिली. मग वाकून काठावरच्या दगडावर हात आपटला. एकदा, दोनदा. बांगड्या फुटल्या. हिरव्या होत्या.

ती रडली नाही. मला फक्त म्हणाली, "भाऊ, तुम्हना उपकार व्हयनात."

गाडीत बसताना ती एका कडेला सरकून बसली. शेजारी जागा सोडून. गाडी निघाली. मी बघत राहिलो, आणि मला खरंच वाटलं, झालं. सुटलं. घरी गेला.

वहीत लिहिलं. हबीब परत, ४.१०.

तिने त्या दिवसापासून चार महिने दहा दिवस इद्दत पाळली. मग पुन्हा गाद्या शिवायला लागली. बाया येऊ लागल्या. तिचं सगळं रीतसर झालं.

माझं राहिलं.

शिबिराहून आल्यावर दुसऱ्या सकाळी मी अंगणात तोंड धूत होतो. काहीतरी कमी वाटत होतं, काय ते कळेना. दोन-तीन दिवसांनी उलगडलं. चिमण्या नव्हत्या. आमच्या आळीत धान्याची दुकानं, चिमण्यांचा नुसता उच्छाद. शेजारच्या वाहिदमियांच्या छपरावर होत्या. समोर होत्या.

माझ्या घरावर नाही. अंगणात नाही.

मी बाजरी टाकली. तशीच राहिली. मुंग्यांनी नेली.

एकदा कामासाठी खांडबाऱ्याला चार दिवस जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा वाहिदमियाँ कौतुकाने म्हणाले, "तुमच्या अंगणात चिमण्यांनी काय धुमाकूळ घातला होता!" मी बघितलं. खाली पिसं होती, शीट होती.

मी फाटकातून आत पाऊल टाकलं. छपराच्या टोकाला उरलेल्या तीन चिमण्या उडून गेल्या.

आणि खांडबाऱ्याला मी ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या घरमालकाने मला विचारलं होतं, तुम्ही आलात तेव्हापासून कबुतरं कुठे गेली हो?

मी मंडळ सोडलं. वही त्यांना देऊन टाकली. पाखरं बघायला मी आता जाऊ शकत नाही, हे उघड आहे.

मेहरुन्निसाला यातलं अक्षर सांगितलं नाही. काय सांगणार? तिने त्याच्यासाठी गाडीत जागा सोडली होती. तो तिच्याबरोबर गेला असं मानून ती इद्दत पाळायला बसली. चार माणसांत उठू-बसू लागली. ते तिचं तिला राहू द्यावं. माझ्या तोंडून हे कधी बाहेर पडलं नाही. नवलला नाही, वाहिदमियांना नाही. आज सतरा वर्षांनी पहिल्यांदा लिहितोय.

तिचं-माझं येणं-जाणं नाही. पण दर ईदेला सकाळी ती माझ्याकडे शीरखुर्मा पाठवते. पहिल्या वर्षापासून एकदाही चुकली नाही. वर जाळीचं फडकं टाकून, पितळेच्या ताटात.

मी एकटा राहतो, हे तिला माहीत आहे. सगळ्या नंदुरबारला माहीत आहे.

ताटात वाट्या दोन असतात.